कयाक घ्यायची आहे: धरणाचं पाणी आणि कोकण किनारा, दोन्हीकडे चालेल अशी कोणती?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्हा दोघांना कयाक घ्यायची आहे. भाड्याच्या कयाकमध्ये बसण्याचा सराव आहे, पण स्वतःची अशी पहिलीच. दोघांनाही पोहता येतं. वजनं ८२ आणि ५८ किलो.

वापर मुख्यतः मुळशी, पानशेत, पवना. हिवाळ्यात अधूनमधून कोकण: काशीद, हर्णै-मुरुड, तारकर्ली-देवबाग. सकाळी निघायचं, दुपारी परत. कयाकवर सामान लादून मुक्कामाला जायचं नाही. गाडी छोटी हॅचबॅक, वर कॅरियर बसवता येईल. घर तिसऱ्या मजल्यावर, पण खाली पार्किंगमध्ये भिंतीलगत ठेवायची परवानगी सोसायटीने दिली आहे. बजेट पॅडल, जॅकेट सगळं धरून ७० हजारांच्या आसपास.

अडलेल्या गोष्टी अशा:
सिट-इन (पाय आत घालून बसायची) घ्यावी की सिट-ऑन-टॉप (वर बसायची)? दुकानदार १० फुटी पुरेल म्हणतो, जालावर सगळे १४ फूट सांगतात. हवा भरून फुगवायची समुद्रात चालते का? आणि दोघांत एक घ्यावी की दोन?

खाजण

मुठाकाठ ताई, लांबीचं नंतर बघू. आधी हे ठरवा: किनाऱ्यापासून तीनशे मीटरवर कयाक उलटली, तर तुम्हा दोघांपैकी प्रत्येकाला एकट्याने परत चढता येईल का? आणि चढेपर्यंत तिच्यात पाणी किती शिरलेलं असेल? निवड या दोन उत्तरांवर करा. रंग, सीटची गादी, फिशिंग रॉडचे होल्डर हे सगळं त्यानंतर.

रिक्रिएशनल सिट-इन म्हणून ९-१० फुटी, मोठ्या तोंडाची जी कयाक विकली जाते तिच्यात बऱ्याचदा मागे एकच बल्कहेड असतं, म्हणजे पाणबंद आडभिंत. पुढचा भाग पायापासून टोकापर्यंत मोकळा. काही स्वस्त मॉडेलांत मागचंही नसतं, नुसता फोमचा ठोकळा बसवलेला असतो. अशी कयाक उलटली की दीडदोनशे लिटर पाणी आत येतं. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. ती सरळ केली तरी तिची कड पाण्याच्या पातळीला येऊन टेकते, तुम्ही एका बाजूने चढायला गेलात की पुन्हा भरते. हातपंपाने उपसता येतं, पण वाऱ्यात येणारी प्रत्येक लाट उपसलेलं परत भरते. म्हणजे ती कयाक किनाऱ्यापासून पोहत जाता येईल एवढ्याच अंतरापर्यंतची. शांत तळ्याच्या काठाकाठाने ठीक, समुद्रात नाही.

सिट-ऑन-टॉपचा सांगाडा बंद पोकळ असतो. वर बसायचं, पायाखाली आणि सीटखाली आरपार भोकं असतात, त्यांना स्कपर म्हणतात. वर आलेलं पाणी त्यातून आपोआप खाली जातं. उलटली तर सरळ करायची आणि चढायचं, उपसायचं काही नाही. आपल्याकडे पाणी गरम असतं, त्यामुळे ओलं बसणं ही थंड देशांतली मोठी अडचण इथे अडचणच नाही. तुमच्या वापराला माझं मत सरळ सिट-ऑन-टॉप.

चढायची रीत अशी. पॅडल लीशने, म्हणजे छोट्या दोरीने, कयाकला बांधलेलं हवं, म्हणजे दोन्ही हात मोकळे. उलटी कयाक असेल तर मध्यावर या, पलीकडची कड किंवा हँडल पकडा, गुडघे अलीकडच्या कडेवर टेकवा आणि वजन मागे टाका, ती फिरते. मग चढताना पाय पाण्याखाली लोंबू द्यायचे नाहीत. इथेच सगळे फसतात: पाय कयाकच्या पोटाखाली जातात आणि कयाक अंगावर ओढली जाते. आधी पालथे आडवे व्हा, पाय मागे पृष्ठभागावर आणा, जोरात मारा आणि त्या झोकात पोट सीटवर येईपर्यंत सरपटा. नंतर वळून बसा, पाय शेवटी आत. दंडात जोर कमी असेल तर दोन-सव्वादोन मीटर पट्ट्याचा फास करून मधल्या हँडलला अडकवा, पायरीसारखा पाय देता येतो. फास वापरून झाला की गुंडाळून ठेवायचा, लोंबता सोडला तर पुढच्या वेळी त्यातच पाय अडकतो.

उंच फ्रेमची खुर्चीसारखी सीट दुकानात फार आरामाची वाटते. पण बसायची उंची वाढली की डोलणं वाढतं आणि चढताना जॅकेट तिच्या पाठीला अडकतं. कमी उंचीची, काढता येणारी सीट घ्या.

आता वजनाचं. कयाकवर लिहिलेली क्षमता म्हणजे ती तरंगते ती शेवटची हद्द. नीट चालायला त्याच्या ६५-७० टक्क्यांच्या आत राहायचं. ८२ किलोचा माणूस, तीन-चार लिटर पाणी, डबा, ड्राय बॅग (पाणबंद पिशवी), जॅकेट, ट्रॉली मिळून ९४-९५ होतात. म्हणजे एकट्याच्या कयाकवर किमान १४० चा आकडा हवा. त्याहून कमी असेल तर सीट पाण्याच्या पातळीखाली जाते आणि स्कपरमधून पाणी खाली जायच्या ऐवजी वर येतं. मग लोक सगळ्या भोकांना बूच मारतात, आणि वरून आलेली लाट कयाकवरच साठून राहते. बूच लागलेच तर फक्त सीटखालच्या दोन भोकांना.

सडेकर

खाजण यांच्याशी बहुतेक सहमत, पण सिट-इन एवढी निकालात काढू नये. त्यांनी लिहिलेला दोष बल्कहेड नसलेल्या कयाकचा आहे, सिट-इनचा नाही. पुढे-मागे दोन्ही बल्कहेड आणि दोन्हीकडे पाणबंद झाकणं असलेली १२ ते १४ फुटी डे-टूरिंग कयाक घेतली तर मधल्या कप्प्यातच पाणी शिरतं. तेही बल्कहेड सीटच्या किती जवळ आहे त्यावर अवलंबून. ती रुंदीने ६० ते ६५ सेंटीमीटर असते, सिट-ऑन-टॉप ७३ ते ८३. अरुंद कयाक कमी ताकदीत चालते आणि बसायची जागा खाली असल्याने वारा कमी लागतो. धरणाच्या लांब पाण्यात, पानशेतला एका टोकाकडून दुसरीकडे जायचं असेल तर हा फरक खांद्यांना कळतो.

फक्त तिची किंमत मोजायची तयारी हवी. पॅडल फ्लोट (पॅडलच्या टोकाला लावायचा तरंगता फुगा) लावून चढणं, दुसऱ्या कयाकच्या मदतीने पाणी ओतून काढणं, स्प्रे स्कर्ट (कमरेभोवती कयाकचं तोंड झाकणारं कापड) पाण्याखाली ओढून सोडणं, हे कोणाकडून तरी नीट शिकावं लागतं आणि सराव टिकवावा लागतो. वर्षातून दोन-तीनदा समुद्रात जाणाऱ्याचा तो सराव टिकत नाही. म्हणून या प्रश्नाला उत्तर मीही सिट-ऑन-टॉपच देईन.

लांबीबद्दल. पाण्यातल्या लांबीवर वरचा वेग ठरतो: १० फुटीचा ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास, १४ फुटीचा नऊच्या आसपास. पण आरामात वल्हवणारा माणूस ताशी चार ते पाच किलोमीटरनेच जातो, त्यामुळे वरचा वेग आपल्या कामाचाच नाही. लांबीचा खरा उपयोग सरळ जाण्यात आहे. १० फुटी रुंद कयाक प्रत्येक वल्ह्याला नाक डावीउजवीकडे फिरवते आणि निम्मी मेहनत दिशा सुधारण्यात जाते. १२ फुटांना हे बरंच थांबतं. १४ फुटी आणखी चांगली, पण सिट-ऑन-टॉपमध्ये त्या लांबीला वजन ३२-३५ किलोवर जातं आणि हॅचबॅकच्या छतावर ती दोन्हीकडे लोंबते. तुमची गाडी चार मीटरच्या आतली असणार. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, बरोबर बसते. एकट्याची घेतलीत तर १२ फूट लांब, ७३-७६ सेंटीमीटर रुंद, २८ किलोच्या आत, असं मागा.

बाजूच्या वाऱ्यात बहुतेक कयाक आपोआप वाऱ्याकडे तोंड करतात. चालताना पुढचं टोक पाण्यात रोवलेलं असतं आणि मागचं सैल, म्हणून वारा मागचं टोक ढकलतो. दोन उपाय: मागे खाली सोडता येणारं पातं म्हणजे स्केग, नाहीतर पायाने चालणारं सुकाणू म्हणजे रडर. १२ फुटीला रडर मिळत असेल तर समुद्रासाठी घ्या, मात्र ते वळायला नसून वाऱ्यात सरळ राहायला आहे. रडरची दोरी जिथे नळीतून बाहेर येते तिथे ती झिजते, वाळूने पेडल अडकतात, तेव्हा प्रत्येक फेरीनंतर गोडं पाणी मारायचं. दोन्ही मिळत नसेल तर सोपा इलाज म्हणजे पाण्याचे कॅन आणि जेवणाचा डबा मागच्या बाजूला ठेवणं. मागचं टोक थोडं खाली बसलं की वाऱ्याकडे फिरणं कमी होतं.

रेवसकर

कयाक कोणती यावर वर चांगलं लिहिलं आहे. कोकणातल्या वाऱ्यापाण्याचं लिहितो, कारण त्याचाही निवडीवर परिणाम होतो.

हिवाळ्यात पहाटेपासून साधारण नऊ-दहापर्यंत मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उभं राहून बघितलं तर पाणी तेलासारखं शांत दिसतं, कारण मागच्या माडांनी आणि टेकडीने वारा अडवलेला असतो. चार-पाचशे मीटर बाहेर गेलात की तोच वारा पाठीत लागतो आणि परत येताना तोंडावर. वल्हवणाऱ्याचा वेग अडीच-तीन नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर), समोरून वारा दहा नॉट असेल तर रुंद कयाकचा वेग फार पडतो. उन्हाळी तळ्यातला अनुभव इथे कामाचा नाही. म्हणून सकाळी बाहेर सरळ जायचंच नाही, काठाला समांतर, दीडदोनशे मीटरच्या आत.

अकरा-बारानंतर खारा वारा सुरू होतो, पश्चिम-वायव्येकडून, तीन-चार वाजेपर्यंत चढत जातो. तो किनाऱ्याकडे ढकलतो खरा, पण लाटा उभ्या करतो आणि पुळणीवर उतरणं अवघड होतं. साडेअकरापर्यंत कयाक वाळूवर आणायची असा हिशेब धरा. पाण्यावर पांढरे फेस इकडेतिकडे दिसायला लागले की दहा नॉट झाले समजा, परत फिरायची वेळ तीच.

भरती-ओहोटीचा जुना हिशेब पाठ करून ठेवा: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि दक्षिणेकडे, मालवणकडे, भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, म्हणून नेमकी वेळ तक्त्यातच बघायची. पण तक्ता चुकीच्या बंदराचा उघडला असेल तर हा हिशेब लगेच पकडून देतो.

आता हे वाऱ्याबरोबर जुळवून बघा. अष्टमीच्या सकाळी सहाला भरती झाली की बारापर्यंत ओहोटी. खाडीच्या मुखाशी त्या वेळी पाणीही बाहेर, मतलईही बाहेर, दोन्ही एकाच दिशेला. भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस असल्याने ओढ कमी असते, तरीही त्या सकाळी देवबागला कर्लीच्या मुखाकडे किंवा दाभोळला वाशिष्ठीच्या मुखाकडे जायचं कारण नाही. पौर्णिमेला उलट: पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी संपते, पाणी सकाळभर आत येतं. तेव्हा मुखाजवळून निघून खाडीत वरच्या दिशेला जाणं सोयीचं. मात्र परतताना उधाणाची ओहोटी लागते, आणि दुपारी बाहेर जाणारं ते पाणी आत येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याच्या लाटांना भिडतं. मुखावर आखूड, उभ्या लाटा होतात त्या यामुळे. जेटीच्या अलीकडेच उतरायचं, मुखापर्यंत जायचंच नाही.

ओढ सारखी नसते. सहा तासांत पाणी एक, दोन, तीन, तीन, दोन, एक अशा बारा भागांत उतरतं. तीन मीटरची ओहोटी असेल तर पहिल्या तासात २५ सेंटीमीटर, तिसऱ्या आणि चौथ्या तासात ७५-७५. खाडीतली मोठी ओढ त्या मधल्या दोन तासांत. पूल, जेटी, नांगरलेल्या होड्या आणि रायगडाकडे डोलजाळ्यांचे (ओढीत बांधून ठेवलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे) खुंट यांच्या वरच्या अंगाला त्या वेळी राहायचं नाही, पाणी कयाक आडवी करून त्यांच्यावर दाबून धरतं. डोलीच्या दोऱ्यांपासून तर चांगलंच लांब राहा.

पुळणीवर उतरताना कयाक लाटेला काटकोनात, आणि उतरायचं समुद्राच्या बाजूला. कयाक आणि वाळू यांच्या मधे उभं राहिलात तर पुढची लाट ती थेट गुडघ्यांवर आणते.

हवेच्या कयाकबद्दल. चांगल्या ड्रॉप-स्टिच (आतून धाग्यांनी जोडलेल्या, कडक फुगणाऱ्या) तळाची, तीन वेगवेगळे हवेचे कप्पे असलेली कयाक धरणासाठी उत्तम आहे. १२-१७ किलोत भागतं, तिसऱ्या मजल्यावर नेता येते. समुद्रासाठी अडचण फुटण्याची कमी आणि वाऱ्याची जास्त. ती पाण्यावर तरंगते, पाण्यात बसत नाही, त्यामुळे मतलई तिला कागदासारखी बाहेर नेतो. दुसरी अडचण कालवांची. ओहोटीला खडप, म्हणजे किनाऱ्यालगतचा खडक, उघडं पडतं तेव्हा कालवांच्या कडा पीव्हीसीला सरळ चिरा पाडतात. हर्णैला सुवर्णदुर्गाच्या पायथ्याशी, मालवणला सिंधुदुर्गाभोवती कातळच आहे, तिथे हवेची नेऊ नये.

धरणासाठी घेतलीच तर हवेचा दाब उन्हाबरोबर बदलतो हे लक्षात ठेवा. सकाळी गारव्यात पूर्ण भरून दुपारी काठावर उन्हात ठेवली की शिवणीवर ताण येतो आणि कप्प्याच्या कडेची चिकटवण सुटते. जेवायला थांबलात तर थोडी हवा सोडा, पाण्यात उतरवली की पाचदहा मिनिटांनी पुन्हा भरा. घडी घालण्याआधी शिवणींच्या आतलं पाणी फडक्याने टिपून पूर्ण वाळवा, नाहीतर दोन आठवड्यांत बुरशी.

मुठाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मतलई आणि ओहोटी एका दिशेला येण्याचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता.

म्हणजे सिट-ऑन-टॉप नक्की, आणि हवेची नको. आता एक की दोन, हे सांगाल का? जोडीची कयाक एकट्याने चालवता येते का? आणि सेकंडहँड बघायला जायचं असेल तर काय तपासायचं? पॅडल आणि जॅकेटमध्ये किती खर्च धरावा लागेल याचाही अंदाज येत नाहीये.

खाजण

एक की दोन हे तुमच्या गाडीचं छत ठरवेल. गाडीच्या मॅन्युअलमध्ये छतावरच्या वजनाची मर्यादा दिलेली असते, छोट्या गाड्यांना ती अनेकदा ५० किलोच्या आसपास, कॅरियरचं वजन धरून. कॅरियर चार-पाच किलो. २५ किलोच्या दोन कयाक म्हणजे हद्द ओलांडली. त्यामुळे तुमच्यासाठी जोडीची एकच, पण मध्यभागी तिसरी बैठक कोरलेली असेल तरच. तशी असेल तर एकट्याने मध्ये बसून ती बऱ्यापैकी चालते. दोनच बैठका असतील आणि एकटा मागे बसला तर पुढचं टोक हवेत राहतं आणि वारा त्याला फिरवत बसतो.

दोघांचं वजन १४०, सामान १५, एकूण १५५. ६५-७० टक्क्यांच्या हिशेबाने क्षमतेचा आकडा २२० ते २४० किलो हवा. लांबी १२-१३ फूट, कयाकचं वजन ३५ किलोच्या आसपास येईल. दोघांनी उचलायची आहे, एकट्याने छतावर चढवायचा विचार करू नका. पाण्यात जास्त वजनाचा माणूस मागे, पुढचा वल्ह्याची लय धरतो आणि मागचा ती पाळतो.

छतावर पोट वर करून ठेवा. कॅम बकलचे साधे पट्टे, हाताने ओढून घट्ट. रॅचेट (दांड्याने आवळायचे पट्टे) लावू नका, त्याने प्लास्टिक दबतं आणि उन्हात तसंच बसतं. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्याने घरघरत नाही. पुढच्या-मागच्या टोकाला दोरी टो-हुकाला बांधलीच पाहिजे. एक्स्प्रेसवेवर ट्रकच्या बाजूने जाताना येणारा झोत नुसत्या मधल्या पट्ट्यांवर सोडायचा नाही.

सडेकर

सेकंडहँड बघायला जाताना टॉर्च न्या.

पॉलिथिलीनची कयाक साच्यात फिरवून बनवतात. तिच्यात सगळ्यात आधी फुटतात ती स्कपरच्या भोवतालची कडं. कारण बहुतेकदा एकच: भोकात दांडे घालणाऱ्या ट्रॉलीवर भरलेली कयाक दगडधोंड्यांतून ओढलेली असते. झाकण उघडून आतून टॉर्च मारा, प्रत्येक स्कपरच्या नळीच्या मुळाशी केसासारखी रेघ आहे का बघा. मग मागच्या टोकाचा तळ. पुढून उचलून फरपटलेली कयाक तिथे झिजते. नख लावून बघा, खरवडलेल्या ओरखड्यांना घाबरायचं कारण नाही, पण अंगठ्याने दाबल्यावर तिथलं प्लास्टिक बाकीच्यापेक्षा सहज आत जात असेल तर सोडून द्या. रंग खडूसारखा पांढुरका आणि हाताला भुकटी लागत असेल तर ती वर्षानुवर्षं उन्हात पडलेली आहे, असं प्लास्टिक वाकण्याऐवजी तडकतं.

गळती तपासायला निचऱ्याचं बूच काढा, सांधे, स्कपर आणि हँडलच्या स्क्रूंवर साबणाचं पाणी लावा आणि बुचाच्या भोकातून तोंडाने हवा फुंका. बुडबुडा येईल तिथे गळती. कॉम्प्रेसर लावायचा नाही, सांगाडा फुगून सांधाच उघडतो. हँडलच्या स्क्रूशी गळत असेल तर मरीन सिलिकॉन आणि नवा वॉशर, काम भागलं. स्कपरच्या मुळाशी गळत असेल तर प्लास्टिक वेल्डिंग लागतं आणि या प्लास्टिकला चिकटणारं साधं गोंद मिळत नाही, एपॉक्सीसुद्धा सुटून येतं. किंमत कितीही कमी असो, ती घेऊ नका.

तळाला खळगा पडलेला दिसला तर तो मात्र दोष नाही. चुकीच्या टेकूवर ठेवल्याने पडतो, उन्हात पोट वर करून तासभर ठेवा किंवा गरम पाणी ओता, आतून हाताने दाबलं की बराचसा निघतो. तुमच्या पार्किंगमध्येही ती कुशीवर ठेवा, दोन्ही टोकांपासून पाव-पाव लांबीवर रुंद पट्टे, निचऱ्याचं बूच उघडं. दुपारचं ऊन येत असेल तर जुनी चादर टाका. ताडपत्री घट्ट गुंडाळली तर आत उकडतं.

रेवसकर

पॅडल आणि जॅकेटचं मी सांगतो. पंचवीस टक्के बजेट या दोन गोष्टींना बाजूला काढा आणि उरलेल्यात कयाक बसवा. लोक उलटं करतात.

पॅडल: ८० सेंटीमीटरच्या आसपास रुंद जोडीच्या कयाकला २३० ते २४० सेंटीमीटरचं. २२० चं घेतलं तर प्रत्येक वल्ह्याला बोटांची पेरं कडेला घासतात. ॲल्युमिनियमचा दांडा खाऱ्या पाण्यात सांध्याशी जाम होतो, दोन तुकडे वेगळे होईनात की समजायचं आत मीठ धरलं आहे. फेरी झाली की वेगळे करून गोडं पाणी, आणि तेल-ग्रीस लावू नका, वाळू त्यातच चिकटते. फायबरग्लासच्या दांड्याचं वजन किलोच्या आत मिळतं. तासाला हजारभर वल्ही मारायची असतात, दोनशे-अडीचशे ग्रॅमचा फरक खांद्याला लागतो. तिसरं, स्वस्तातलं का होईना, दोन तुकड्यांचं पॅडल कयाकवर बांधलेलं असू द्या.

जॅकेट: दोघंही पोहता आणि काठाने जाणार आहात, तर ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचं माप), आयएसओ १२४०२-५ असं आत छापलेलं, हातांना मोकळं कापलेलं. ज्याला पोहता येत नाही अशा कोणाला बसवणार असाल तर १०० न्यूटनचं वेगळं. घालून सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्यांना धरून वर खेचायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघतं. बोटिंग पॉइंटवर मिळणारी ढिली नारिंगी जॅकेटं नेमकी अशीच सरकतात. खिशात शिटी आणि पाणबंद पाकिटात फोन, जॅकेटलाच बांधलेला. कयाकवर ठेवलेला फोन कयाकबरोबर वाहून जातो. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक त्यात आधीच घालून ठेवा.

कयाकचा रंग नारिंगी, पिवळा किंवा लाल. निळी-हिरवी ट्रॉलरच्या सुकाणूवरून दिसत नाही.

मुठाकाठ

उत्तम. मग मधली बैठक असलेली जोडीची सिट-ऑन-टॉप, क्षमता २२० च्या वर, असं शोधायला लागते. शेवटचं एक: पहिल्यांदा कुठे उतरवावी? थेट मुळशीला नेली तर चालेल ना?

खाजण

मुळशी टाटा पॉवरचं धरण आहे, पानशेत आणि पवना जलसंपदा विभागाकडे. आपली कयाक कुठून उतरवू देतात हे जाण्याआधी तिथल्या कार्यालयात किंवा काठावर परवानगी घेऊन बोटी चालवणाऱ्यांना विचारा, काही ठिकाणी पिण्याच्या पाण्यामुळे बंदी असते. किनाऱ्यावर मेरिटाइम बोर्डाच्या बंदर निरीक्षकाला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कुठून कुठे जाणार हे सांगून ठेवलेलं बरं. धरणाची भिंत, सांडवा आणि विसर्गाची बाजू यांच्याजवळ जाऊ नका. जून ते सप्टेंबर समुद्राचा विचारच नको.

पहिली फेरी डिसेंबर-जानेवारीत, सकाळी, धरणाच्या अशा फाट्यात की जिथे तिन्ही बाजूंनी टेकड्या आहेत. एप्रिल-मे मध्ये पाणी आटून काठावर गुडघाभर चिखल होतो आणि बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याखाली वीतभरच असतात. आधी छातीभर पाण्यात मुद्दाम उलटवा, दोघांनी आळीपाळीने चढून बघा. मग पाय टेकणार नाहीत एवढ्या पाण्यात तेच. जोडीची सरळ करताना दोघांनी एकाच बाजूला यायचं, आणि चढताना एक पलीकडे जाऊन कड धरतो, दुसरा अलीकडून चढतो. आधी हलक्या माणसाने चढायचं, म्हणजे जड माणूस चढताना पलीकडून तोल धरायला कोणीतरी वर असतं. ८२ किलोचा माणूस दमलेल्या अवस्थेतही चढू शकतो हे दिसेपर्यंत कोकणात नेऊ नका.

घरी आल्यावर निचऱ्याचं बूच काढून मागचं टोक खाली करा. पेलाभर पाणी निघालं तर झाकणाच्या रबरातून आलेलं असतं. अर्धी बादली निघालं तर सडेकरांनी सांगितलेला साबणाचा प्रयोग करून गळती सापडल्याशिवाय पुन्हा उतरवू नका.